हिशेब चुकला तर भरायचे कोणी?

विकसनशील देशांत परदेशी मदत संस्था, तिथली सरकारे आणि खासगी कंपन्या मिळून जे प्रकल्प उभारतात, त्यांविषयी या सदराकडे गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली आहेत. काहींत कुतूहल आहे, काहींत संशय आहे आणि एका पत्रात सरळसरळ राग आहे. त्यांतील सहा पत्रे निवडून, थोडी आटोपशीर करून येथे दिली आहेत.

सांगलीहून एक निवृत्त शिक्षिका विचारतात : पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेतल्या लोकांसाठी अगदी स्वस्तात लस तयार करून दिली, असे वाचले होते. कंपनी नफ्यासाठी चालते. मग ती स्वस्तात का देते? आणि अशा कामात मदत संस्था काय करतात, नुसते पैसे देतात का?

आपण बहुधा 'मेनआफ्रिव्हॅक' या लसीविषयी वाचले असावे. पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या आडव्या विस्तारावर २६ देशांचा एक पट्टा आहे. तिथे कोरड्या दिवसांत धुळीचे वारे सुटले की मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची, म्हणजे मेनिंजायटिसची, साथ उसळत असे. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. त्या काळी उपलब्ध असलेल्या लसीचा परिणाम थोडा काळच टिके, तान्ह्या मुलांवर तो जवळजवळ होतच नसे, आणि म्हणून साथ सुरू झाल्यावर धावाधाव करून टोचणी करायची, असा परिपाठ पडला होता. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच तो प्रकार होता. अधिक टिकाऊ, दोन घटक जोडून केलेली 'संयुग्म' प्रकारची लस कशी करायची हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. परंतु त्या पट्ट्यात थैमान घालणारा 'अ' गटाचा जंतू श्रीमंत देशांत फारसा आढळत नसल्याने मोठ्या कंपन्यांना त्यात बाजारपेठ दिसत नव्हती.

२००१ साली गेट्स फाउंडेशनच्या ७ कोटी डॉलरच्या अनुदानावर जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही अमेरिकी ना-नफा संस्था यांनी मिळून मेनिंजायटिस लस प्रकल्प सुरू केला. माझ्या मते या प्रकल्पातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्यांनी किंमत आधी ठरवली आणि लस मागाहून केली. एका डोसाला अर्ध्या डॉलरहून अधिक पडणार असेल तर ती आम्हाला परवडणार नाही, असे आफ्रिकेतील आरोग्य अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले होते. मोठ्या कंपन्यांशी बोलणी झाली, पण त्या दरात ती फिसकटली. तेव्हा प्रकल्पाने कामाचे तुकडे केले : लसीचा एक घटक ॲम्स्टरडॅमच्या एका कंपनीकडून घेतला, दोन घटक जोडण्याची कृती अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून मिळवली, आणि दुसरा घटक म्हणून लागणारे धनुर्वाताचे निष्क्रिय केलेले विष आधीच मोठ्या प्रमाणावर तयार करणाऱ्या सीरमला कारखान्याची बाजू सांभाळायला सांगितले. सीरमने ४० सेंट दराची तयारी दाखवली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. कंपनीने इथे दानधर्म केला नाही. नवी लस करताना सर्वांत महाग पडते ती अनिश्चितता : संशोधन फसेल, चाचण्यांत लस निरुपयोगी ठरेल, तयार झालेला माल कोणी घेणार नाही. यांतली संशोधनाची आणि चाचण्यांची जोखीम अनुदानाने उचलली, तंत्रज्ञान आयते मिळाले, आणि गिऱ्हाईकही डोळ्यांसमोर होते. त्या बदल्यात कंपनीने किमतीवर मर्यादा स्वीकारली. संयुग्म लसी करण्याचे जे कसब त्या निमित्ताने पुण्यात आले, ते पुढे न्यूमोनियाच्या लसीसाठी उपयोगी पडले; म्हणजे नफा नव्हता असे नाही, तो दुसऱ्या खात्यावर जमा झाला. सीरम ही शेअर बाजारात नोंद नसलेली, एका कुटुंबाच्या मालकीची कंपनी आहे, हेही मला महत्त्वाचे वाटते. दर तिमाहीला भागधारकांना उत्तर द्यावे लागणाऱ्या व्यवस्थापनाला ४० सेंटांचा सौदा पटवून देणे अवघड गेले असते.

मदत संस्थांचे काम पैशापुरते नव्हते हे यावरून दिसेलच. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली आणि साधारण दहा दिवसांत १ ते २९ वर्षे वयाच्या एक कोटीहून अधिक लोकांना लस टोचून झाली. हे काम त्या देशाच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी केले. वर्तमानपत्री बातम्यांत देणगीदारांची नावे येतात, पण उन्हातान्हात रांगा लावून घेणाऱ्यांची येत नाहीत. दोन वर्षांनी याच लसीला ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार दिवस बर्फाविना ठेवण्याची परवानगी मिळाली आणि बेनिनमध्ये तसा वापरही झाला. ज्या गावात वीज नाही तिथे बर्फाची पेटी पोहोचवण्याचा खर्च वाचणे म्हणजे काय, हे मेळघाटात किंवा धडगावच्या पाड्यांवर काम केलेल्या परिचारिकेला वेगळे सांगायला नको. पुढील काही वर्षांत तीस कोटींहून अधिक लोकांना लस मिळाली आणि 'अ' गटाची साथ त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशी झाली.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. करार एका गटाच्या जंतूपुरता होता, आणि जंतू करार वाचत नाहीत. २०१५ साली नायजरमध्ये 'क' गटाची मोठी साथ आली. पाच गटांवर चालणारी लस, पुन्हा सीरम आणि 'पाथ' यांचीच आणि या वेळी ब्रिटिश सरकारच्या पैशाने, जागतिक आरोग्य संघटनेकडून २०२३ मध्ये प्रमाणित झाली व २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वप्रथम वापरली.

औषधनिर्मिती व्यवसायातले एक वाचक, नाशिक : न्यूमोनियाच्या लसीसाठी परदेशी सरकारांनी दीड अब्ज डॉलर बाजूला काढले आणि त्यातले बहुतेक दोन बड्या कंपन्यांना मिळाले. याला भागीदारी म्हणायचे की अनुदान?

अनुदानच म्हणायला हवे. पण ते कोणत्या अटींवर दिले ते पाहण्यासारखे आहे. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर, ज्यांना पुढे २०१९ चे नोबेल मिळाले, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी कल्पना मांडली होती की गरीब देशांसाठीच्या लसीला संशोधनाच्या आधी पैसे देण्याऐवजी, 'लस तयार करून आणा, आम्ही अमुक दराने अमुक इतकी विकत घेऊ' अशी बंधनकारक हमी द्यावी. लस झालीच नाही तर देणगीदाराचा एक पैसाही जात नाही. २००७ साली इटली (६३.५ कोटी डॉलर), ब्रिटन (४८.५ कोटी), कॅनडा (२० कोटी), रशिया (८ कोटी), नॉर्वे (५ कोटी) आणि गेट्स फाउंडेशन (५ कोटी) यांनी मिळून ही दीड अब्ज डॉलरची हमी दिली. खरेदीची व्यवस्था 'गावी' या लस-आघाडीकडे होती, आणि सरकारे बदलली तरी शब्द फिरणार नाही अशी खात्री कंपन्यांना वाटावी म्हणून तिची आर्थिक बाजू जागतिक बँकेने सांभाळली.

सौद्याची रचना अशी : कंपनीला एका डोसाचे जास्तीत जास्त साडेतीन डॉलर मिळणार आणि सुरुवातीच्या डोसांवर निधीतून आणखी साडेतीन. त्या बदल्यात तिने दहा वर्षे पुरवठा करण्याचे बंधन स्वीकारायचे. वर्षाला २० कोटी डोस हे उद्दिष्ट होते. त्यातला जितका हिस्सा कंपनी उचलेल तितकाच हिस्सा निधीतून तिला मिळणार. २०१० मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन आणि फायझर यांनी प्रत्येकी ३ कोटी डोस कबूल केले, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला साडेबावीस कोटी डॉलर राखले गेले. सर्वांत गरीब देशांनी स्वतःच्या तिजोरीतून डोसामागे २० सेंट भरायचे होते. रक्कम लहान वाटते, पण तिच्यामुळे प्रत्येक देशाच्या अर्थमंत्र्याला आपल्या अंदाजपत्रकात लसीसाठी एक ओळ ठेवावी लागली.

आपली शंका रास्त आहे ती पुढच्या मुद्द्यावर. मूळ कल्पना अजून हाती न लागलेल्या लसींसाठी होती, तर या दोन कंपन्यांच्या लसी श्रीमंत देशांच्या बाजारासाठी जवळजवळ तयारच होत्या. मग निधीने विकत घेतले ते काय? माझे उत्तर असे की संशोधन विकत घेतले नाही, उत्पादनक्षमता आणि वेळ विकत घेतला. श्रीमंत देशांत आलेली लस गरीब देशांत पोहोचायला पूर्वी दहा-पंधरा वर्षे लागत. इथे निकाराग्वामध्ये २०१० संपण्याच्या आत टोचणी सुरू झाली. ही जमेची बाजू. दुसऱ्या बाजूला, 'मेदसां सां फ्राँतिए' या डॉक्टरांच्या संघटनेने वर्षानुवर्षे सांगितले की दर खूपच चढा आहे, आणि गावीच्या मदतीस पात्र नसलेल्या मध्यम उत्पन्नाच्या देशांना तर या सवलतीचा स्पर्शही होत नाही. किंमत खरोखर खाली आली ती तिसरा विक्रेता आल्यावर. सीरमची न्यूमोनिया लस डिसेंबर २०१९ मध्ये प्रमाणित झाली आणि डोसाचा दर दोन डॉलरवर आला. निधीतले तिच्या वाट्याला आले ते साडेसात कोटी, म्हणजे एकूण रकमेचा विसावा भाग. निधीतला थोडा अधिक हिस्सा उशिरा येणाऱ्या उत्पादकांसाठी आधीपासून राखून ठेवला असता तर स्पर्धा लवकर सुरू झाली असती, असे मला वाटते.

भारतात ही लस २०१७ पासून हिमाचल प्रदेशात आणि बिहार-उत्तर प्रदेशच्या काही भागांत गावीच्या मदतीने सुरू झाली व २०२१ मध्ये ती देशभर नेण्यात आली.

सोलापूरहून एक परिचारिका लिहितात : सरकारी रुग्णालये खासगी संस्थांना चालवायला देण्याच्या गोष्टी मधूनमधून निघतात. इमारत नवी होते, यंत्रे येतात, हे मान्य. पण पुढे काय होते? असा प्रयोग दुसरीकडे शेवटपर्यंत झाला आहे का?

झाला आहे, आणि तो शेवटपर्यंत जाऊ शकला नाही हेच त्यातून शिकण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेने चारही बाजूंनी वेढलेला लेसोथो हा सुमारे वीस लाख वस्तीचा डोंगराळ देश. तेव्हा प्रौढांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एचआयव्हीग्रस्त होता. राजधानी मासेरूतले जुने क्वीन एलिझाबेथ रुग्णालय मोडकळीस आले होते. जागतिक बँक गटातील इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनने सरकारला सल्ला दिला, आणि २००८ मध्ये 'त्सेपोंग' नावाच्या कंपनीशी अठरा वर्षांचा करार झाला. या शब्दाचा सेसोथो भाषेत अर्थ 'आशेचे ठिकाण'. कंपनीत सर्वांत मोठा भागीदार दक्षिण आफ्रिकेतला नेटकेअर हा रुग्णालय-समूह होता. स्थानिक डॉक्टरांच्या कंपन्याही होत्या. नुसती इमारत बांधून देण्याचे हे काम नव्हते. आराखडा, बांधकाम, कर्ज, यंत्रे, औषधे, डॉक्टर, परिचारिका हे सगळे कंपनीने पाहायचे आणि सरकारने दरवर्षी ठरलेली रक्कम मोजायची. इतक्या गरीब देशात इतका व्यापक करार पूर्वी कुठे झाला नव्हता. एका आंतरराष्ट्रीय मदत निधीने ६२.५ लाख डॉलरचे अनुदानही दिले.

क्वीन मामोहातो स्मृती रुग्णालय, ४२५ खाटांचे, ऑक्टोबर २०११ मध्ये उघडले. पहिली गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : उपचार सुधारले. बॉस्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांना जुन्या रुग्णालयाच्या तुलनेत रुग्णमृत्यूंचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. टीकाकारांनी हे विसरू नये, आणि आपण परिचारिका असल्याने अशा सुधारणेमागे किती शिस्त लागते हे माझ्यापेक्षा आपल्यालाच अधिक ठाऊक असणार.

अडचण करारात होती. वर्षाला २० हजार आंतररुग्ण आणि ३ लाख १० हजार बाह्यरुग्ण इतक्यांचाच खर्च ठरलेल्या रकमेत धरला होता. त्यावरच्या प्रत्येक रुग्णासाठी जादा पैसे. आता आपणच सांगा, मोडक्या रुग्णालयाच्या जागी चांगले रुग्णालय उघडले तर रुग्ण वाढणार की कमी होणार? ते वाढले. रक्कम महागाईनुसार दरवर्षी वर सरकत होती. सरकारकडून हप्ता थकला की त्यावर व्याज. भांडवलाचा मोठा भाग सरकारकडून आणि डेव्हलपमेंट बँक ऑफ सदर्न आफ्रिकाच्या कर्जातून आलेला असताना, भागधारकांना अपेक्षित परतावा मात्र २५ टक्के होता, असे ऑक्सफॅम आणि लेसोथोतील ग्राहक संरक्षण संघटनेने २०१४ मध्ये दाखवून दिले. त्यांच्या हिशेबाने हे एक रुग्णालय देशाच्या आरोग्य अंदाजपत्रकातला ५१ टक्के पैसा खात होते आणि जुन्या रुग्णालयाच्या किमान तिप्पट महाग पडत होते. जागतिक बँक गटाला ही टक्केवारी मान्य नव्हती. त्यांचा आकडा कमी होता. परंतु कमीतला आकडा धरला तरी, ज्या देशाचे बहुसंख्य लोक डोंगरातल्या खेड्यांत राहतात त्याच्या आरोग्यखर्चाचा इतका मोठा वाटा राजधानीतल्या एका इमारतीत अठरा वर्षांसाठी अडकवून ठेवणे हिताचे नव्हते, असेच मी म्हणेन.

शेवट आपल्या पेशाशी जोडलेला आहे. २०२१ च्या सुरुवातीला, सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांइतका पगार मिळावा म्हणून तिथल्या परिचारिकांनी संप केला. कंपनीने शेकडो जणींना कामावरून काढले. त्याच वर्षी, मुदतीच्या पाच वर्षे आधी, सरकारने करार मोडला आणि रुग्णालय ताब्यात घेतले.

तेव्हा आपल्या जिल्ह्यात कधी असा प्रस्ताव आलाच, तर इमारतीच्या चित्रापेक्षा कराराच्या मसुद्याची मागणी करावी आणि त्यात रुग्णसंख्येची कमाल मर्यादा किती धरली आहे, ती ओलांडल्यावर दर काय, रक्कम कोणत्या निर्देशांकाने वाढणार, आणि देखरेखीसाठी सरकारकडे स्वतःची किती माणसे आहेत, हे पाहावे. लेसोथोच्या आरोग्य मंत्रालयाकडे एवढ्या गुंतागुंतीच्या करारावर लक्ष ठेवण्याचे बळ नव्हते. सल्लागार सही होईपर्यंत बरोबर असतात.

गुहागर तालुक्यातून आलेले पत्र : तुम्ही लेखक मंडळी आफ्रिकेची उदाहरणे देता. आमच्या दारात एन्रॉन येऊन गेले, ते विसरलात काय?

विसरलो नाही. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या वीज प्रकल्पाला नाव मिळाले दाभोळचे आणि तो उभा राहिला वाशिष्ठीच्या दक्षिण तीरावर आपल्या तालुक्यातील अंजनवेल-वेलदूरला, इथूनच त्या कहाणीतली गफलत सुरू होते. एक गोष्ट मात्र आपल्या पत्रात सुटली आहे : जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे द्यायला १९९३ मध्येच नकार दिला होता. एवढी वीज राज्याला इतक्यात लागणार नाही आणि ती महाग पडेल, असे तिचे म्हणणे होते. ज्या संस्थेला आपण एरवी नावे ठेवतो, तिने त्या वेळी बरोबर सांगितले. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करार झाला.

पुढे पैसा आला तो अमेरिकी सरकारच्या दोन संस्थांकडून आणि बँकांकडून. अमेरिकेची एक्झिम बँक आणि ओपिक या संस्था अमेरिकी कंपन्यांच्या परदेशातील कामांना कर्ज आणि विमा देत. त्यांचे ध्येयधोरण विकासाची भाषा बोले, पण त्यांचे गिऱ्हाईक अमेरिकी कंपनी असे. कराराप्रमाणे वीज उचलली नाही तरी राज्य वीज मंडळाने स्थिर आकार भरायचाच होता, आणि दर डॉलरशी बांधलेला होता. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये तो ४७ च्या घरात गेला. राज्य सरकारची हमी होती, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी होती. इंधन महागले, रुपया घसरला, मागणी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. तिन्ही जोखमी वीज मंडळाच्या, म्हणजे आपल्या बिलाच्या, बाजूला होत्या. काही महिन्यांत दर युनिटला सात रुपयांच्या वर गेला, आणि २००१ च्या मे अखेरीस प्रकल्प बंद पडला. मेनआफ्रिव्हॅकमध्ये किंमत आधी ठरली होती. दाभोळमध्ये किंमत सोडून बाकी सगळे आधी ठरले होते. आपला राग योग्य ठिकाणी आहे.

पुण्यातील अर्थशास्त्राचा विद्यार्थी : 'ब्लेंडेड फायनान्स' म्हणजे नेमके काय? आमच्या प्राध्यापकांच्या मते यापुढे विकासाचा सगळा पैसा त्यातूनच येणार आहे.

सार्वजनिक किंवा देणगीचा पैसा आधी घालून, पहिला तोटा आपण सोसण्याची तयारी दाखवून, खासगी भांडवलाला जोखमीच्या देशात ओढून आणणे, म्हणजे ब्लेंडेड फायनान्स. २०१५ मध्ये आदिस अबाबा येथील विकासनिधीविषयीच्या परिषदेच्या सुमारास 'अब्जांचे ट्रिलियन करू' ही घोषणा गाजली. लंडनच्या ओडीआय या संस्थेने २०१९ मध्ये हिशेब मांडला तेव्हा, विकास बँकांच्या एका डॉलरमागे सरासरी ७५ सेंट खासगी भांडवल आले आणि सर्वांत गरीब देशांत तर फक्त ३७ सेंट, असे दिसले. आपल्या प्राध्यापकांना माझा नमस्कार सांगावा आणि हा आकडाही.

लहान प्रमाणावर या पद्धतीने चांगले काम होते, हेही खरे आहे. राजस्थानातील भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या काळात मुलींच्या शिक्षणासाठी एक रोखा काढला गेला. यूबीएस या स्विस बँकेच्या प्रतिष्ठानाने २ लाख ७० हजार डॉलर आधी गुंतवले. मुली शाळेत आल्या आणि शिकल्या हे त्रयस्थ संस्थेने तपासल्यावरच लंडनच्या एका बालकल्याण निधीने ते पैसे पंधरा टक्के परताव्यासह फेडले. शिकण्याचे उद्दिष्ट १६० टक्के गाठले गेले. मात्र ते १६६ शाळांपुरते होते.

नैरोबीहून एक मराठी वाचक : मार्च २०२१ मध्ये पुण्यात तयार झालेली कोविडची लस इथे आली तेव्हा आम्हाला फार अभिमान वाटला. नंतर पुरवठा थांबला आणि दुसऱ्या डोसासाठी शेजारी आम्हाला विचारू लागले. त्यांना काय सांगायला हवे होते?

गरीब देशांनाही कोविडची लस मिळावी म्हणून उभारलेली कोव्हॅक्स ही व्यवस्था गावी, जागतिक आरोग्य संघटना, साथरोगांवरील लसींच्या संशोधनाला पैसा पुरवणारी सेपी आणि युनिसेफ यांनी मिळून चालवली होती. तिच्याकरिता गेट्स फाउंडेशनने गावीमार्फत सीरमला ३० कोटी डॉलरपर्यंतचे पैसे आगाऊ देण्याचे ठरवले, जेणेकरून मान्यता मिळण्याआधीच उत्पादन सुरू व्हावे; बदल्यात २० कोटी डोस, कमाल दर तीन डॉलर. या लेखात वर जे जे म्हटले त्या कसोट्यांवर हा करार चांगला होता : किंमत ठरलेली, उत्पादनाची जोखीम देणगीदाराची. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घानाला सहा लाख डोसांची पहिली खेप पोहोचली आणि आठवड्याभरात केनियाला दहा लाखांहून अधिक डोस मिळाले.

ज्या जोखमीचा विचार झाला नव्हता ती करारात सही नसलेल्या पक्षाकडून आली. मार्चअखेरीस भारतात दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. भारत सरकारला मी यासाठी दोष देणार नाही. त्या एप्रिलमध्ये पुण्यातच खाटा आणि प्राणवायू मिळत नव्हता; लस बाहेर पाठवा असे त्या वेळी कोणत्याही सरकारने म्हटले नसते. दोष असलाच तर एवढ्या मोठ्या व्यवस्थेची सुरुवातीची मदार मुख्यत्वे एका देशातल्या एका कारखान्यावर ठेवण्याचा आहे, आणि ज्यांनी आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट डोस आधीच राखून ठेवले होते त्या श्रीमंत देशांचा आहे. आपल्या शेजाऱ्यांना आपण एवढे सांगू शकला असता.

आफ्रिकेने त्यातून घेतलेला धडा आता कागदावर उतरला आहे. आपल्याला लागणाऱ्या लसींपैकी जेमतेम एक टक्का आफ्रिका स्वतः तयार करते. २०४० पर्यंत हे प्रमाण साठ टक्क्यांवर नेण्याचे आफ्रिकी महासंघाचे उद्दिष्ट आहे. जून २०२४ मध्ये पॅरिस येथे गावीने त्यासाठी दहा वर्षांत १२० कोटी डॉलरपर्यंतची एक योजना जाहीर केली. नाशिकच्या वाचकांना दिलेल्या उत्तरातील हमीचाच हा नवा अवतार आहे : आफ्रिकी कारखान्याची लस प्रमाणित झाली की एक रक्कम, आणि प्रत्यक्ष पुरवठा केला की डोसामागे आणखी. कारखाना उभारताना मात्र पैसे नाहीत. ती जोखीम तिथल्या सरकारांनी आणि गुंतवणूकदारांनी घ्यायची आहे. दहा वर्षांनी हा जादा पैसा संपेल, तेव्हा डाकारच्या किंवा केपटाऊनच्या कारखान्याला पुण्याच्या दराशी गाठ घ्यावी लागेल. आणि पुण्याला तो दर कशाच्या बळावर परवडू लागला, हे सांगलीच्या बाईंना दिलेल्या उत्तरात आलेच आहे.